डोकी पाण्याकडे

आक्का,

परवा तुझा जलदान विधी. वरकुट्याच्या विहारातल्या सतरंज्या आज उन्हात टाकल्या आहेत. तात्यांनी सगळीकडे निरोप धाडलाय, हार-फुलं आणू नका, वही आणा, पेन आणा. आणि येईल त्याच्या हातात तुझी पुस्तिका द्यायची, असं त्यांनी ठरवलंय. तुझ्या बारामतीच्या खोलीतनं आणलेली पत्र्याची पेटी आत्ता माझ्यासमोर उघडी आहे. तिच्यात 'पेशीचं पटल'च्या एकसष्ट प्रती अशा आहेत, ज्यांच्या सातव्या पानावरचं चित्र आज सकाळपर्यंत उलटंच होतं. ते चित्र मी कोरलेलं आहे. ते चुकलंय हे मी तुझ्या तोंडावर कधीच कबूल केलं नाही.

तू किती शिकलीस, कुठं नोकरी केलीस, कितव्या वर्षी गेलीस, हे तात्या परवा उभे राहून सांगतील. आपल्या घरातली सायन्स शिकलेली पहिली मुलगी, असंही म्हणतील. मला त्यातलं काही सांगायचं नाही. तुझ्यामाझ्यात जे अर्धं राहिलं, तेवढंच सांगते. तुझे वडील, माझे थोरले चुलते, गेले आणि माझ्या वडिलांनी, तात्यांनी, तुला घरी आणलं, तेव्हापासून आपण एका ताटात जेवलो. तू नऊ वर्षांनी मोठी, तरी मी तुला 'तू'च म्हणत आले. आज पहिल्यांदा वाटतंय, कधीतरी 'बाई' म्हणून बघायला हवं होतं, तुझ्या वर्गातल्या पोरांसारखं.

आपल्या घराचा एक नियम होता. पत्रक परत घ्यायचं नाही. तात्यांनी उभा जन्म सायकलच्या कॅरियरला पत्रकांचा गठ्ठा बांधून इंदापूर तालुका पालथा घातला. मी अंकलिपीवर वाचायला शिकले नाही, उरलेल्या पत्रकांवर शिकले. पहिला शब्द वाचला तो 'बंधूंनो'. मी विचारलं, "आन् बहिणींनो कुठंय?" ते पत्रक त्यांनी मागं घेतलं नाही, पण पुढच्या पत्रकात 'बंधूंनो' आणि 'बहिणींनो' एका ओळीत आले. नियमच तसा होता. एक शब्द चुकला म्हणून पत्रक मागं घेतलं, की समोरचा म्हणणार, बघा, ह्यांचं सगळंच खोटं. चुकलं तर पुढच्या वेळी दुप्पट जोरानं बरोबर लिहायचं. मी त्या नियमावर वाढले. तूही वाढलीस, पण तू त्यातनं बाहेर कधी गेलीस ते मला कळलं नाही.

तू बारामतीच्या ज्या कॉलेजात शिकवायचीस, तिथं दहावीला मराठी शाळेत पहिली-दुसरी आलेली पोरं यायची. कऱ्हाटीची, बावड्याची, आपल्या वरकुट्याची. अकरावी सायन्सला बसली की दिवाळीपर्यंत मुकी व्हायची. फळ्यावर सगळं इंग्रजी, पुस्तक इंग्रजी, प्रश्न विचारायचा तर तोही इंग्रजीत. पोर नापास झालं की लोक म्हणायचे, ह्यांना सायन्स झेपत नाही. सायन्स झेपत नव्हतं की दाराशीच अडवलं होतं? मी तेव्हाही हेच ओरडत होते, आजही ओरडेन. तू ओरडली नाहीस. तू रविवारी तुझ्या बारामतीच्या दोन खोल्यांतल्या एका खोलीत चटई टाकलीस आणि एसटीनं येतील तेवढ्यांना शिकवायला लागलीस. मला म्हणालीस, "आपल्याला तात्यांच्या पत्रकांनी माणूस केलं, विशे. पर बारावीचा पेपर पत्रकावर सुटत न्हाय."

"मग कशावर सुटतोय?"

"पत्रकाएवढं पुस्तक करू. खिशात मावंल असं. एका पुस्तकात एकच गोष्ट, आपल्या भाषेत, पर खरी."

पहिली गोष्ट तू निवडलीस पेशीच्या पटलाची. मला हसू आलं. भूक, रोग, रक्त असं काही सोडून हिला पेशीच्या भोवतीचा पातळ पापुद्रा सुचला! तू म्हणालीस, "आत काय आन् बाहेर काय हे ठरल्याबिगर जीव कसला? सगळं तितनंच सुरू होतंय."

तू लिहायचीस, मी वाक्यं सोपी करायची, अशी वाटणी झाली. तू लिहिलंस, 'पटल निवडक्षम पारगम्य असते.' मी केलं, 'पटलातून सगळंच आत येत नाही आणि सगळंच बाहेर जात नाही.' तू मान डोलावलीस. मग मी पुढं जोडलं, 'जसा गावाच्या वेशीवर...' आणि तुझी लाल पेन्सिल आली. माझा एकही 'जसा' तू जिवंत ठेवला नाहीस.

तो बीटाचा रविवार आठवतो? तू एका बीटाच्या चकत्या केल्यास, गार पाण्यात खळखळून धुतल्यास आणि दोन पेल्यांत टाकल्यास. एकात गार पाणी, दुसऱ्यात स्टोव्हवरनं उतरवलेलं कढत. गार पाणी स्वच्छ राहिलं. कढत पाण्यात लाल धागे सुटले आणि बघता बघता पेला लाल झाला. पोरं पुढं सरकली. कऱ्हाटीची शोभा म्हणाली, "बाई, रगात उतरल्यागत दिसतंय!"

मी दारात उभी होते. मला राहवलं नाही. "बघा पोरांनो, भिंत फुटली की आतलं बाहेर येतंय!"

"भिंत उभीच हाय," तू मान वर न करता म्हणालीस. कढत पाण्यातली चकती चमच्यानं उचलून दाखवलीस. तिचा आकार तसाच होता, कडा तशाच. "झाडाच्या पेशीला बाहेरनं भिंत असती. ती ह्या उकळत्या पाण्यानं पडलेली न्हाय. तिच्या आतलं पटल मेलं. भिंतीनं नुसता आकार दिलाय. रंग धरून ठेवणारं पटलच व्हतं."

पोरं गेल्यावर मी भांडले. तू सगळ्यांसमोर मला खोटं पाडलंस म्हणाले. तू कप विसळत होतीस. "विशे, तुला सगळीकडं भिंती दिसत्यात. असत्यात बी. पर जनावराच्या, माणसाच्या पेशीला भिंतच नसती. तितं पाडायला काय न्हाय. ते पटल फाडलंस तर आतला जीवच जाईल."

त्या रविवारीच तू मला सातव्या पानावरचं ते चित्र समजावून सांगितलंस. छपाईचा ब्लॉक पुण्याहून करून आणायचा, त्यापेक्षा तात्यांच्या पत्रकांची शीर्षकं मी जशी लिनोच्या रबरासारख्या मऊ तुकड्यावर कोरते, तसंच हेही कोरायचं ठरलं होतं. तू अंबाड्यातले केसांचे आकडे काढलेस आणि चटईवर मांडलेस. "हे बघ. मेदाचा एक कण म्हंजे असा आकडा. हे वाकण म्हंजे डोकं, हे दोन पाय म्हंजे शेपट्या. डोक्याला पाणी आवडतंय, शेपट्यांना आवडत न्हाय. पेशीच्या भाईर पाणी, आत बी पाणी. मग हे कसं उभं ऱ्हाणार?" तू दोन रांगा केल्यास. एकीची डोकी वर, दुसरीची खाली, सगळे पाय मधे एकमेकांकडे. "कुणी कुणाला बांधलेलं न्हाय. पाण्यामुळंच ही रांग धरून ऱ्हाती. जरा फाटली तर आपली आपण मिटती. आन् हे जाग्यावर खिळलेलं नसतंय, आपल्या रांगेत सारखं सरकत असतंय."

मग एका आकड्याचा पाय तू दातानं धरून वाकडा केलास. मी म्हणाले, "आगं, मोडशील!"

"काही शेपट्या अशा वाकड्या असत्यात. सगळ्या सरळ असत्या तर गच्च बसल्या असत्या आन् पटल तुपासारखं थिजलं असतं. वाकड्या हायती म्हणून ते वाहतं ऱ्हातंय." तू माझ्याकडं बघून हसलीस. "आपल्या घरात बी एक हाय तशी."

तेवढ्यात एसटीची वेळ झाली. तू आकडे गोळा करून परत अंबाड्यात खोचलेस आणि मी निघाले.

चार दिवसांनी वरकुट्यात मी लिनो घेऊन बसले. समोर आकडे नव्हते. डोकं आणि पाय एवढं लक्षात होतं. जन्मभर कालव्यावर काय बघितलं मी? बाया धुणं धुतात, पाय पाण्यात, डोकं वर. पाण्यात उभं राहायचं तर पायच पाण्यात जाणार. डोकं पाण्यात घालून कोण उभं राहतं? मी दोन रांगा कोरल्या. पाय बाहेर पाण्यात, डोकी मधे, एकमेकांना टेकलेली. मला ते चित्र आवडलं. माणसं डोक्याला डोकं लावून काही ठरवत बसल्यासारखी दिसत होती. छापखान्यातले किसनआबा खिळे जुळवता जुळवता म्हणाले, "पोरी, हे काय खेकडे काढल्यात व्हय?" मी म्हणाले, "आबा, हे तुमच्याच अंगात हायती." त्यांनी सदऱ्याच्या आत डोकावून बघितलं. पाचशे प्रती छापून झाल्या. तुला प्रूफ दाखवलं होतं, पण फक्त मजकुराचं. चित्र थेट तयार पुस्तिकेतच बघ म्हणाले. तुला चकित करायचं होतं मला.

पुस्तिका वाटायच्या रविवारी तुझ्या खोलीत चपलांना जागा नव्हती. पोरं शाईचा वास घेत होती. माझी बोटं अजून काळी होती आणि मी ती लपवत नव्हते. शोभानं सातवं पान उघडलं, पुस्तिका फिरवून बघितली, परत सरळ धरली.

"बाई, हे चित्र उलटं हाय का? तुमी तर सांगितलं व्हतं, डोकी पाण्याकडं."

तू तिच्या हातातली प्रत घेतलीस. क्षणभरच बघितलंस. "व्हय शोभे, उलटं हाय. बरं झालं तू बघितलंस." आणि मग तू जे केलंस, ते आपल्या घरात कुणी कधी केलं नव्हतं. तू एकेका पोराच्या हातातनं पुस्तिका परत घेतलीस. "पुढल्या रविवारपासनं दुरुस्त करून देते," म्हणालीस. शोभानं आपली प्रत सगळ्यांत शेवटी सोडली.

पोरं गेली. मी दारही लावलं नाही.

"गोळा कशाला केल्यास? पुढच्या पुस्तिकेत नीट देऊ की."

"तवर ह्यांनी परीक्षेत उलटं काढायचं?"

"एका चित्रानं काय होतंय, आक्का!"

"शेपट्या पाण्यात ठेवल्यास तर पटल बनतच न्हाय, विशे. पेशीच न्हाय. तू न्हाईस, मी न्हाय."

आता इथं मी थांबायला हवं होतं. पण माझ्या तोंडात पत्रक होतं. मी म्हणाले, "शेपट्या पाण्याला भितात म्हणं! त्यांचा सोभावच तसा म्हणं! पिढ्यान् पिढ्या माणसांना पाण्यापासनं लांब ठेवलं आन् वर सांगितलं, ह्यांचा सोभावच तसा. तू तेच छापाय निघालीस. मास्तरीण झालीस म्हणून इसरलीस, आपण कोण ते."

प्रती एकावर एक रचत राहिलीस. मग म्हणालीस, अगदी हळू, "पेशीला जात नसती, विशे. मेदाचा कण माणूस न्हाय. त्याच्यावर माणसाचं दुःख लादू नगं. त्यानं मेदाला काय होत न्हाय. दुःख मात्र बारीक होतंय."

"तुझं पटल तुझ्यापाशीच ठेव," मी म्हणाले आणि चप्पल हातात घेऊनच जिना उतरले.

आक्का, त्या भांडणात माझी निम्मी बाजू बरोबर होती असं मला अजून वाटतं. 'स्वभावच तसा' हे शब्द ऐकले की माझं अंग आजही पेटतं आणि पेटलंच पाहिजे. पण तो राग मी माझी चूक झाकायला वापरला. आपल्या माणसांनी जो राग जन्मभर जपून, जोखून वापरला, तो मी एका फसलेल्या लिनोच्या तुकड्यासाठी उधळला. तुला ते तिथंच दिसलं असणार.

मग तुझ्या किडन्यांचं कळलं, रविवारचा वर्ग बंद पडला आणि गोळा केलेल्या प्रती तुझ्याच खोलीत राहिल्या. आठवड्यातनं दोनदा पुण्याला, डायलिसिसला. तात्या तुझ्याबरोबर एसटीनं जायचे. परत आले की सायकल भिंतीला लावता लावता बातमी द्यायचे, मला नाही, आईला, पण मला ऐकू येईल अशी. "डाव्या हातात सुया टोचल्या की चार तास हलता येत न्हाय. उजवा मोकळा असतोय. पोरगी कागदाच्या चिठ्ठ्यांवर सुलटं चित्र काढतीया. एकेका पुस्तिकेला एक चिठ्ठी, हातानं. सातव्या पानावर चिकटवती." मी मान खाली घालून लिहीत राहायचे. त्या महिन्यांत मी बावड्याच्या एका वस्तीच्या नळावर पत्रक काढलं. चांगलं होतं ते. लोक जमले, नळ आला. मी ते पत्रक तुला पाठवलं नाही. तू त्यातला एखादा 'जसा' खोडशील ह्या भीतीनं नाही. तू चांगलं म्हणशील आणि मला रडू येईल, ह्या भीतीनं.

पुण्याच्या दवाखान्यात तुझ्याकडं मी एकदाच आले, तेही तात्यांना ताप होता म्हणून. तुझे केस इतके विरळ झाले असतील असं मला कुणी सांगितलं नव्हतं. ओठ सुकलेले. दिवसाचं पाणी मोजून, एक तांब्यासुद्धा नाही. तोंडात बर्फाचा खडा धरून तू पडली होतीस. शेजारी यंत्र फिरत होतं, तुझं रक्त नळीतनं जाऊन दुसऱ्या नळीनं परत येत होतं. मला बीटाचा पेला आठवला आणि मी खिडकीकडं बघायला लागले.

"ये मास्तरणीच्या मास्तरणी," तू म्हणालीस. जणू काही झालंच नव्हतं. "ते नळकांडं दिसतंय? त्याच्यात पडदा हाय. कशाचा ठाव हाय का? सेल्युलोजचा. झाडाच्या भिंतीचा माल. बघ, शेवटी तुझी भिंतच मला जगवतीया."

मी हसले. हसायचं नाही असं ठरवून आले होते, तरी हसले.

"पर नुसती चाळण हाय ही," तू पुढं बोलत राहिलीस, वर्गात बोलायचीस तशी. "हिला भोकं हायती, दारं न्हाईत. बारीक असंल ते गेलं, मोठं असंल ते ऱ्हायलं. कामाचं असलं तरी बारीक असंल तर जातंय. खऱ्या पटलात मेदाच्या रांगांमधी प्रथिनं बसलेली असत्यात. कुणी दार, कुणी पंप. पायजे ते उलट्या दिशेनं बी ओढून आणत्यात. भाईरच्या अंगाला साखरेचे तुरे असत्यात, त्याच्यावरनं पेशी एकमेकींना वळखत्यात. एवढं मोठं यंत्र केलं माणसानं, पर एका पेशीच्या पापुद्र्याची सर न्हाय त्याला."

"बोलू नगं, दम लागंल."

"पाणी न्हाय तर बोलू तरी दे." मग डोळे मिचकावून, "आता मी बी शेपटी झाले बघ. पाण्यापासनं लांब."

"तूच म्हणालीस, कणावर माणूस लादू नगं."

"इनोद चालतोय. पत्रक चालत न्हाय."

मग उजव्या हातानं उशीखालचं पाकीट काढलंस. चिठ्ठ्या असतील असं मला वाटलं. तू माझ्या तळहातावर केसांचे आकडे ठेवलेस. सगळे. तो वाकड्या पायाचा पण. "मला आता ह्यांचा उपेग न्हाय. घेऊन जा. कवातरी मांडून बघ."

तू मला एवढं सोपं करून दिलं होतंस, आक्का. दोन शब्द बोलायचे होते, 'माझं चुकलं'. यंत्राचा आवाज होता, शेजारच्या खाटेवरची बाई झोपली होती, कुणाला ऐकू गेलं नसतं. मी आकडे रुमालात बांधले आणि म्हणाले, "तुझं झालं की निघायला पायजे. एसटी चुकंल."

त्यानंतर मी दोन वेळा पत्र लिहायला घेतलं. दोन्ही वेळा ते पत्रकासारखं झालं.

तात्या छापखान्यात आले तेव्हा मी प्रूफ बघत होते. ते आत आले नाहीत, उंबऱ्यावरच उभे राहिले. म्हणाले, "विशे, हाताची शाई पूस." एवढंच. किसनआबांनी यंत्राचं पायडल सोडलं. मला कळलं.

वरकुट्यात आणल्यावर मी तुझा उजवा हात धरून बसले होते. तो अजून ऊन असल्यासारखा वाटला, कदाचित माझ्याच हातानं. तू लिहिलं होतंस की पटलातले पंप चालायला सतत शक्ती लागते, ती संपली की ते थांबतात आणि आत-बाहेर हळूहळू सारखं होत जातं. सगळ्या पेशींत ते एकदम होतं का, आक्का? की काही मागं राहतात, काही वेळ धरून ठेवतात? मी तो हात धरला होता तेव्हा त्यातल्या किती पेशींनी अजून आतलं आत ठेवलं होतं? हे पुस्तिकेत नाही. मी वरकुट्यात, इंदापुरात, बारामतीत कुणाला विचारू? मला असला प्रश्न पडेल असं तू मला केलंस आणि उत्तर द्यायला तू नाहीस.

आज सकाळी पेटी उघडली. दुरुस्त केलेल्या प्रती एका बाजूला, प्रत्येकीत सातव्या पानावर तुझी चिठ्ठी, कडा डिंकानं नीट बसवलेल्या. चारशेवर चिठ्ठ्या, एकेक डोकं गोल, एकेक शेपटी वेगळी. सुरुवातीची रेघ ठाम आहे. पुढं पुढं ती कापत गेलीय. पण एकाही चिठ्ठीत तू शेपटी पाण्यात जाऊ दिली नाहीस. खाली एकसष्ट उलट्या प्रती. आणि पाकिटात एक चिठ्ठी अर्धी. वरची रांग पुरी, खालची सुरूच केलेली नाही. त्या दिवशी सुया काढायची वेळ झाली असेल. किंवा हातच थांबला असेल.

तात्या माझ्या मागं येऊन उभे होते. मी म्हणाले, "तात्या, ह्या एकसष्ट नगं वाटायला."

"का नगं?"

"चित्र चुकलंय. माझं." ऐक, आक्का, पहिल्यांदा मी हे मोठ्यानं म्हणाले. तुला नाही, तात्यांना. तुला म्हणायचं अजून राहिलंच होतं.

त्यांनी चष्मा काढून पुसला. "मला ठाव हाय. पुण्याच्या वाटंवर दरवेळी तीच सांगायची, इशाखा येईल, ती काढंल उरलेली." मग कोनाड्यातलं ब्लेड घेऊन खाली बसले आणि कोऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या कापायला लागले. "पत्रक परत घ्यायचं नसतंय, पोरी. ते मी अजून म्हणतो. पर ही पत्रकं न्हाईत. ह्याच्यावर पोरं परीक्षा देत्यात."

मी रुमाल सोडला आणि आकडे जमिनीवर मांडले. पहिल्या दहा चिठ्ठ्या त्यांच्याकडं बघून काढल्या. मग पुस्तिकेची शेवटची ओळ आठवली. तिथं मला 'भिंती पाडा' हवं होतं, त्यावरनं आपण दोन दिवस अबोला धरला होता. तू छापलंस, 'आता पुस्तक मिटा आणि चित्र न बघता काढा.' मी आकडे उचलले. ते माझ्याच केसांत खोचले. उरलेल्या पन्नास न बघता काढल्या.

शोभा दुपारच्या एसटीनं कऱ्हाटीहून आली. विहाराच्या कामाला आले म्हणाली, पण आधी घरात आली. बारावीला आहे ती आता. मी तिला चिठ्ठ्या तपासायला दिल्या. तिनं मास्तरासारख्या एकेक बघितल्या. दोन परत दिल्या, "ह्यात पाणी लिवायचं ऱ्हायलं, भाईर आन् आत." मी लिहिलं.

शेवटी एकच प्रत उरली आणि ती तुझी अर्धी चिठ्ठी. मी वरच्या रांगेला हात लावला नाही. खाली माझी रांग काढली. डोकी खाली, पाय वर, तुझ्या पायांकडं. दोन-तीन शेपट्या वाकड्या आल्या. शोभानं ती चिठ्ठी दाराच्या उजेडाकडं धरली.

"ही दोन हातांची हाय व्हय?"

"व्हय."

"खालचे पाय जरा वाकडे हायती." मग तिनं माझं तोंड बघितलं असावं. "पर चालतंय. बाई म्हणायच्या, काही वाकडे असत्यातच."

ती चिठ्ठी चिकटवलेली प्रत मी माझ्यासाठी ठेवणार होते. शोभानं ती मिटली, छातीशी धरली आणि विचारलं, "त्या रविवारी माझी परत घेतली व्हती बाईंनी. ही मी घेऊ?"

मी दिली, आक्का.

ह्याचा अर्थ काय, ते मी लिहीत नाही. तू लाल पेन्सिल घेशील. एकसष्ट प्रती झाल्या, शोभानं तपासल्यात. डोकी पाण्याकडे आहेत, आतही आणि बाहेरही.

माझं चुकलं होतं.